खालची फळी : नांदेड ते लातूर, पुस्तकांच्या शोधात

नांदेड हे ग्रंथाचा मान राखणारे शहर आहे. १७०८ साली गोदावरीच्या याच काठावर गुरू गोविंदसिंगजींनी अखेरचा श्वास घेतला. आपल्यानंतर ग्रंथालाच गुरू मानावे, असे त्यांनी आपल्या अनुयायांना सांगितले. आजही देशोदेशीचे शीख बांधव हुजूर साहिबच्या दर्शनाला येतात आणि त्या ग्रंथापुढे मस्तक टेकवतात. त्या ग्रंथात आपल्या मराठवाड्याच्या मातीतल्या संत नामदेवांची पदे आहेत आणि बाबा शेख फरीद यांचा कलामही आहे. एक संत आणि एक सूफी बुजुर्ग एकाच जिल्दीत शेजारी शेजारी आहेत, हे आपल्या गावात राहून आपल्याच मुलांना ठाऊक नसते.

आमच्या इतवाऱ्यातल्या घरातही ग्रंथाचा मान आहे. कुरआन शरीफ जुजदानात गुंडाळून उंच ताकात ठेवलेले असते. वजू केल्याशिवाय कोणी हात लावत नाही. त्याच्या वर दुसरी वस्तू ठेवत नाही. हा अदब आमच्या आई-वडिलांनी आम्हाला शिकवला, आम्ही मुलांना शिकवला. चूक एवढीच झाली की, तोच नियम आम्ही मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकांनाही लावला. तीही उंचावर ठेवली, काचेच्या आड, कुलूप लावून. ही चूक आमच्या ध्यानात यायला तीस वर्षे आणि लातूरची एक फेरी लागली. त्या फेरीची ही हकीकत आहे.

चौसष्ट पुस्तके आणि एक कोरी वही

आम्ही दोघे निवृत्त शिक्षक. एकाची नोकरी उर्दू शाळेत झाली, एकीची मराठी शाळेत. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) २०२१ साली रीड अँड लीड फाउंडेशनच्या पुढाकाराने मोहल्ल्यामोहल्ल्यात बाल वाचनालये सुरू झाली. एका शाळकरी मुलीच्या पुस्तकांपासून सुरू झालेले ते काम बघता बघता तीसहून अधिक मोहल्ल्यांत पोहोचले. त्याची बातमी वाचून आमच्या गल्लीतल्या काही घरांनाही हुरूप आला. सर्वांनी मिळून अकरा हजार रुपये जमवले. आमच्या बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाट आले आणि पुस्तके निवडण्याची जबाबदारी, शिक्षक म्हणून, आमच्याकडे आली.

आम्ही वजिराबादेत गेलो आणि एका दुपारीत खरेदी उरकली. थोरांची चरित्रे, निबंधमाला, सामान्यज्ञान, इंग्रजी बोलायला शिकवणारी दोन जाडजूड पुस्तके, अखलाकवरची लहान-मोठी पुस्तके आणि शब्दकोश घेतले. पैसे उरले तेव्हा शेवटी दुकानदाराच्या आग्रहावरून चार चित्रमय पुस्तके आणि एक विनोदांचे पुस्तक टाकले. एकूण चौसष्ट पुस्तके झाली. प्रत्येकावर शिक्का मारला, नंबर टाकला, नोंदवही आखली.

तीन महिन्यांनी वही उघडली. विनोदांचे पुस्तक सतरा वेळा गेले होते. चार चित्रमय पुस्तके जाऊन-येऊन फाटली होती. बाकीच्या एकोणसाठांपैकी चारच बाहेर गेली होती आणि त्यातली दोन मुलांच्या वडिलांनी नेली होती. शब्दकोशाच्या रकान्यात एक शाईचा डाग तेवढा होता.

आम्हाला राग आला तो मुलांचा. "हल्लीच्या पोरांना मोबाईलशिवाय काही नको," असे आम्ही म्हणालो. शेजारच्या भाभी सहज बोलून गेल्या, "सर, ही पुस्तकं तुम्ही पोरांसाठी आणली की पोरांच्या अब्बांसाठी?" आम्ही हसून विषय टाळला. पण ते वाक्य मनात रुतून बसले.

वाचनाचे महत्त्व आपल्या घरांत कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पहिल्या वह्यीचा पहिला शब्दच वाचण्याचा आहे. प्रश्न होता तो पुढचा : मुलाने काय वाचावे, ते कोणी निवडावे आणि कसे? मुलांना शिकवण्यात आमची उभी हयात गेली होती आणि या प्रश्नावर आम्ही एकदाही नीट बसून विचार केला नव्हता.

एसटीतून लातूर

दिवाळीच्या सुट्टीत लेकीकडे लातूरला जायचे ठरले. नांदेड ते लातूर रस्ता सुमारे एकशे चाळीस किलोमीटर. एसटीत आता महिलांना अर्धे तिकीट आणि ज्येष्ठांनाही अर्धे, म्हणून आम्हा दोघांचे मिळून एकच तिकीट झाले. वाचलेल्या पैशांचे नातीला पुस्तक घ्यायचे, असे आम्ही बसमध्येच ठरवले.

लोहा मागे पडले, माळाकोळी गेली. शेतांत सोयाबीनची रास होऊन गेली होती, तूर तेवढी उभी होती. अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेतला. शिरूर ताजबंदला उदगीरचा फाटा दिसला आणि आठवण झाली : २०२२च्या एप्रिलमध्ये उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. रमजानचे रोजे होते, ऊन कडक होते, म्हणून जाऊ जाऊ म्हणता आम्ही घरीच राहिलो. साहित्य इतक्या जवळ येऊनही आपण उठून गेलो नाही, याची रुखरुख लागून राहिली.

बसमध्ये शेजारी एक तरुण आई होती. मांडीवरचे चार वर्षांचे पोर बाहेरच्या पाट्या बघून "हे काय लिवलंय?" असे सारखे विचारत होते. तीही न कंटाळता सांगत होती : चाकूर, आष्टामोड, पंक्चर, रसवंती. त्या पोराला पुस्तक नव्हते, पण रस्ताच त्याचे पुस्तक झाला होता. आईजवळ वेळ होता आणि पोराला प्रश्न होता, वाचायला शिकण्याला एवढेच लागते. आमच्या चौसष्ट पुस्तकांजवळ कोणाचाच प्रश्न नव्हता.

१९९३ची ती पाल

लातूर आमच्या ओळखीचे. बदलीच्या नोकरीत तिथे आम्ही सात वर्षे काढली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आम्ही लातुरातच होतो. आदल्याच रात्री गणपती विसर्जनाच्या मिरवणुका निघाल्या होत्या. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. लातूर शहर वाचले, पण भिंतीचा भरवसा उडाला. त्यानंतर कित्येक दिवस लोक घराबाहेर झोपत. आमच्या गल्लीत ताडपत्रीची पाल होती. एका बाजूला आमचे घर, एका बाजूला शेजारचे लिंगायत कुटुंब, पलीकडे एक पोस्टमन.

रात्री लहान मुले दचकून उठत आणि रडत. आमचा थोरला तेव्हा दहावीत होता. तो कंदिलाच्या उजेडात भा. रा. भागवतांचे 'फास्टर फेणे' मोठ्याने वाची. सगळी मुले त्याच्याभोवती बसत. मधेच कोणीतरी 'ट्टॉक' करी आणि सगळी हसत. भूकंपानंतर गल्लीत ऐकू आलेले पहिले हसू तेच होते. ते आम्ही ऐकले होते, तरीही पुढे जे केले ते केलेच.

जानेवारी आली. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. लातूरचे नाव गुणवत्ता यादीमुळे गाजू लागलेले होते, लोक त्याला 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले होते. मुलगा अजून गोष्टी वाचतो, याची आम्हाला भीती वाटली. एका संध्याकाळी आम्ही ते पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतले, कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. "परीक्षा झाली की देऊ," म्हणालो. परीक्षा झाली, गुण चांगले मिळाले, अकरावी आली, मग बारावी. पुस्तक द्यायचे राहून गेले. त्यानेही पुन्हा मागितले नाही. तो इंजिनियर झाला, पुण्यात चांगल्या हुद्द्यावर आहे, नमाजी आहे, आमची काळजी घेतो. पण नोकरीच्या कागदांपलीकडे त्याने काही वाचलेले आम्ही त्यानंतर पाहिले नाही.

गंजगोलाईत

लातूरची गंजगोलाई म्हणजे शहराचे काळीज. १९१७ साली बांधलेल्या या गोल बाजाराला सोळा रस्ते येऊन मिळतात. एकीकडे सोने-चांदी, एकीकडे चपला, एकीकडे मिरची आणि गूळ. पूर्वी इथे बाजाराला आले की आमची मुले कोणत्या रस्त्याने आलो ते विसरत. या वेळी नात आमचे बोट धरून होती. ती इंग्रजी शाळेत सहावीत शिकते.

निघताना लेकीने बजावले होते, "अम्मी, अब्बा, गोष्टीबिष्टी नका घेऊ. ऑलिम्पियाडचं घ्या. आत्तापासून पाया पक्का झाला पाहिजे." तीस वर्षांपूर्वीचे आमचेच वाक्य आमच्या लेकीच्या तोंडून आले. आम्ही काय बोलणार?

दुकानात गेलो. समोर प्रश्नसंचांचे डोंगर. लातुरात दूरदूरची मुले डॉक्टर-इंजिनियर व्हायला येतात, तेव्हा दुकानदार तरी दुसरे काय ठेवणार? लहान मुलांची पुस्तके मागच्या भिंतीला, वरच्या फळीवर होती. नात म्हणाली, "नानी, मला तर दिसतच नाहीत. निवडू कशी?"

दुकानदार भले होते. त्यांनी पुस्तकांचा गठ्ठा खाली काढून सतरंजीवर पसरला. आम्ही सवयीने एक चरित्र उचलले. मग भाभींचे वाक्य आठवले आणि हात मागे घेतला. म्हणालो, "बेटी, तूच बघ."

तिने अर्धा तास घेतला. त्या अर्ध्या तासात आम्हाला जे शिकायला मिळाले ते शिक्षक म्हणून तीस वर्षांत शिकलो नव्हतो. ती आधी चित्र बघे. मग मधलेच पान उघडून चार ओळी वाची. अक्षर बारीक असेल, ओळी एकमेकींना चिकटलेल्या असतील तर लगेच बाजूला ठेवी. एका पुस्तकाचे मागचे पान वाचून म्हणाली, "यात शेवटी काय शिकायचं ते आधीच सांगितलंय. मग वाचू कशाला?" ईदच्या गोष्टीचे एक पुस्तक चाळून तिने विचारले, "नाना, मराठी पुस्तकातली मुस्लिम मुलगी फक्त ईदलाच का येते? ती शाळेत जात नाही का? तिचा दात पडत नाही का?"

यावर आम्ही निरुत्तर झालो. मराठी पुस्तकांत आपले मूल वर्षातून एकदा, शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर येते. आणि आपण स्वतः मुलांसाठी जी पुस्तके काढतो, त्यांत बऱ्याचदा मूलच नसते, नुसती नसीहत असते. लातूर ही फ. म. शहाजिंदे यांच्यासारख्या मराठी कवीची कर्मभूमी. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून मोठ्यांसाठी आपल्या लोकांनी कितीतरी लिहिले. मुलांसाठीचे मात्र आमच्या हाती फार थोडे आले. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले. पहिल्या फेरीला पाच लाख लिटर पाणी आले होते. गाडीने पाणी येते, हे लातूरच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले. नातीने दुकानदाराला विचारले, "काका, त्या गाडीची गोष्ट आहे का?" त्यांच्याकडे ती नव्हती. जे लिहू शकतात त्यांनी हा प्रश्न आपल्याला विचारला आहे असे समजावे.

शेवटी तिने तीन पुस्तके निवडली. एक नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतले, एक प्राण्यांच्या घरांविषयीचे आणि एक चक्क भुताचे. भुताचे पुस्तक पाहून आमच्या कपाळाला आठी पडली. पण ते दुकानातच उभ्या उभ्या पूर्ण वाचून काढले. भूत शेवटी कपडे वाळत घातलेली दोरी निघाली. आम्ही वरचे चित्र पाहूनच नको म्हटले असते, तर एका चांगल्या विनोदी गोष्टीला मुकलो असतो. लेकीसाठी ऑलिम्पियाडचे एकही घेतले. घरात तंटा नको.

चाँदनी बकरी

त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. आमच्या वडिलांची एक ट्रंक आहे. ते निजामाच्या राजवटीत शिकले. तेव्हा राज्यकारभार उर्दूत चाले, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून उच्च शिक्षण मिळे. १९४८ साली संस्थान भारतात सामील झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. त्यांचे वाचन उर्दू, आमचे उर्दू आणि मराठी, मुलांचे मराठी, नातवंडांचे इंग्रजी. चार पिढ्यांत घराची लिपी बदलत गेली. त्या ट्रंकेतली पुस्तके उघडणारे घरात आता आम्ही दोघेच उरलो आहोत. त्यातले एक पुस्तक आम्ही पिशवीत घेतले होते, डॉ. जाकिर हुसैन यांचे 'अब्बू खाँ की बकरी'.

जाकिर साहेब पुढे देशाचे राष्ट्रपती झाले, पण त्याआधी ते मुलांचे शिक्षक होते. ही गोष्ट त्यांनी आपल्या मुलीच्या नावाने छापली होती. अल्मोड्याचा अब्बू खाँ, त्याची चाँदनी नावाची बकरी, दोर तोडून डोंगरात जाण्याची तिची ओढ आणि रात्रभर लांडग्याशी झुंज. नातीला ती वाचून दाखवायला बसलो. लेक आतून म्हणाली, "ती नका सांगू, रडेल." नात रडली नाही. मध्येच तिने आमच्या दखनी बोलीत विचारले, "नानी, ये बकरी मर जाती क्या?" आम्ही क्षणभर थांबलो. खोटे सांगावेसे वाटले. मग म्हणालो, "हां बेटी, मर जाती. लेकिन सुबह होने तक लडती."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने आमच्या हातातले पुस्तक ओढून घेतले आणि अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागली. तिला उर्दू येत नाही, पण नाजरा कुरआन तिने पूर्ण केले आहे. अलिफ, लाम, मीम तिच्या ओळखीचे. पे, चे, टे, डाल, गाफ अशी थोडी अक्षरे तेवढी नवी, आणि जेर-जबर नसल्याची अडचण. अर्ध्या तासात तिने पहिल्या तीन ओळी लावल्या. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. आपल्या बहुतेक मुलांच्या खिशात ही किल्ली असते. मदरशात किंवा घरी ती त्यांना दिलेली असते. कुलूप कुठे आहे, हे फक्त कोणी दाखवत नाही. तसेच मराठीचे. इंग्रजी शाळेतल्या मुलालाही महाराष्ट्रात मराठी शिकावीच लागते, पण ती परीक्षेपुरती राहते. गोष्टीचे पुस्तक हातात दिले की ती घरात येते.

परत आल्यावर

नांदेडला परत आल्यावर पहिले काम सुताराला बोलावण्याचे केले. लोखंडी कपाट मोठ्यांसाठी राहू दिले. मुलांसाठी जमिनीपासून हातभर उंचीची, उघडी लाकडी फळी केली. पुस्तके कणा बाहेर करून नव्हे, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवली. कुरआन शरीफ आपल्या उंच ताकात, मुलांची पुस्तके मुलांच्या हाताशी. प्रत्येकाला त्याची जागा मिळाली की अदबही राहतो आणि वाचनही होते.

मग निवडीचे काही साधे नियम केले. वाचक माता-भगिनींच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला नियम, पुस्तक घ्यायला मुलाला बरोबर न्यायचे. दहातली सात त्याच्या पसंतीची, तीन आपल्या.

दुसरा, पाच बोटांची पारख. मुलाला मधले एक पान वाचायला द्यायचे. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. पान संपायच्या आत पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक अजून अवघड आहे, आपण वाचून दाखवावे. एकही मिटले नाही तर सोपे आहे, तेही चालते. सोपे पुस्तक वाचणाऱ्याला कधी हिणवू नये.

तिसरा, लहानांसाठी अक्षर टपोरे आणि ओळींत अंतर हवे. मराठीत जोडाक्षरांची गर्दी नको, नव्याने उर्दू शिकणाऱ्याला जेर-जबर लावलेले पुस्तक बरे.

चौथा, अनुवादित पुस्तक असेल तर एक पान मोठ्याने वाचून बघायचे. जीभ अडखळली तर मूलही अडखळेल.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा, पुस्तक आधी आपण वाचायचे. आपल्या श्रद्धेला न जुळणारे काही त्यात निघाले तर लगेच हिसकावायचे नाही. मूल आणि आपण शेजारी बसून बोलायचे. खरोखरच अश्लील किंवा द्वेष पसरवणारे असेल तर ते आणायचेच नाही, पण तेही वाचून ठरवायचे, वरच्या चित्रावरून किंवा लेखकाच्या नावावरून नाही. साने गुरुजींचे 'श्यामची आई' ब्राह्मण घरातले आहे. आमच्या घरात ते चार पिढ्या वाचले गेले आणि आईविषयीचा आदर वाढण्यापलीकडे कोणाचे काही झाले नाही. त्याच साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही लिहिले आहे.

पैशांचाही विचार करावा लागतो. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके स्वस्त असतात आणि मराठी, उर्दू दोन्हींत मिळतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१पासून निघते. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि उर्दू गोष्टी मोफत आहेत, त्या छापूनही घेता येतात. आम्ही एकच चित्रकथा दोन्ही लिपींत छापून शेजारी शेजारी ठेवली. उर्दू शाळेतली बहीण आणि मराठी शाळेतला भाऊ आता एकच गोष्ट आपापल्या बाजूने वाचतात आणि कोणाची बरोबर यावरून भांडतात.

गल्लीत बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आहे. शाळा सुटली, पंक्चरच्या दुकानावर काम करतो. तो फळीजवळ येई, पण जाड अक्षरांचे पुस्तक घ्यायला लाजे, आणि बारीक अक्षराचे त्याला झेपत नसे. आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, तुझ्या धाकट्या बहिणीला वाचून दाखवायला एखादं घेऊन जा." त्याने नेले. मग दर जुम्याला नमाजनंतर तो येतो आणि बहिणीसाठी म्हणून पुस्तक नेतो. परवा त्याने विचारले, "सर, जरा मोठं आहे का? तिला आता हे सोपं जातं." बहीण चार वर्षांची आहे. आम्ही काही बोललो नाही, फक्त मोठे पुस्तक दिले.

किल्ली

राहता राहिली ती जुन्या कपाटाची गोष्ट. बकरी ईदला थोरला सहकुटुंब आला. खालच्या फळीसमोर मुले बसलेली पाहून तो दारातच थांबला. रात्री जेवणानंतर त्याने सहज विचारावे तसे विचारले, "अम्मी, माझं ते फास्टर फेणे अजून आहे?"

तीस वर्षांनी त्याने ते मागितले. म्हणजे तो विसरला नव्हता, फक्त मागायचे थांबला होता. आम्ही आत जाऊन कपाट उघडले. पुस्तक होते. मुखपृष्ठ सुटले होते, कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, आणि पान एकाहत्तरच्या कोपऱ्याला, जिथे आम्ही ते हातातून काढून घेतले, तिथे त्याने घातलेली घडी तशीच होती. "बेटा, आमची चूक झाली," एवढेच आम्हाला बोलता आले. तो म्हणाला, "जाऊ द्या अब्बा. त्या वेळी सगळेच असं करायचे." पण पुस्तक घेऊन तो छतावर गेला आणि उशिरापर्यंत दिवा जळत होता.

सकाळी त्याने पुस्तकाला खाकी कागदाचे कव्हर घातले, वर नाव लिहिले आणि खालच्या फळीवर ठेवले. पुण्याला नेतोस का, विचारले तर म्हणाला, "राहू द्या इथंच. कोणीतरी वाचेल."

नोंदवहीत त्याला पासष्टावा नंबर मिळाला. या महिन्यात ते तीनदा बाहेर गेले आहे.

आपल्या घरातही असे एखादे कपाट असेल. आज संध्याकाळी ते उघडून बघा आणि आत जे सापडेल ते मुलाच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा. अल्लाह आपल्या मुलांना इल्मची गोडी देवो आणि आपल्याला त्यांच्या शेजारी बसण्याची तौफिक देवो. आमीन.